गोलकीपरची मधली वर्षं

प्रश्न : इंग्लंडच्या फुटबॉल लीगच्या थर्ड डिव्हिजनमधल्या (तिसऱ्या श्रेणीतल्या) एका गोलकीपरच्या नोंदीत १९३८-३९ नंतर एकदम १९४६-४७ येतं. मधली वर्षं तो घरी बसला होता का?
– एक वाचक, सदाशिव पेठ

उत्तर : घरी कुठला बसतोय! सप्टेंबर १९३९ मध्ये युद्ध पेटलं तेव्हा लीगचे जेमतेम दोन-तीन सामने झाले होते. तेही नोंदीतून पुसले गेले, करार रद्द झाले. मग कोणी फौजेत, तर कोणी आपल्या खडकीसारख्या दारूगोळ्याच्या कारखान्यात. शनिवारी मात्र मॅच असायची. नेमणूक जिथे, तिथल्या क्लबकडून पाहुणा म्हणून उतरायचं. सुरुवातीला सामन्यामागे ३० शिलिंग मिळत. हे सामने अधिकृत आकड्यांत धरत नाहीत, म्हणून तुम्हाला ती रिकामी जागा दिसते. मला तो निव्वळ अन्याय वाटतो.

एकच उदाहरण घ्या. ३० मार्च १९४६, स्टॉकपोर्ट काउंटी विरुद्ध डॉनकास्टर रोव्हर्स, उत्तर विभागाचा कप. निकाल लागेपर्यंत खेळायचं ठरलं. बदली खेळाडूची सोय नाही. २०३ मिनिटांनी अंधार पडला, तरी स्कोअर ४-४! प्रेक्षक मधेच घरी जाऊन चहा पिऊन आले म्हणतात. गोलकीपरला कुठला चहा? फेरसामना डॉनकास्टरने ४-० असा मारला.