मे महिन्यातला आठवडा विकला, दिला जुलैतला

प्रश्न: चार वर्षांपूर्वी एका मॉलमध्ये कूपन भरलं होतं. 'तुम्हाला बक्षीस लागलंय, नवरा-बायको दोघांनी मिळून या' असा फोन आला. हॉटेलात तीन तास बसवून आमच्या गळ्यात डोंगरातल्या रिसॉर्टची 25 वर्षांची टाइमशेअर मेंबरशिप मारली. दरवर्षी सात दिवस, मुलांच्या मे महिन्याच्या सुट्टीत, सगळ्या कुटुंबाला राहता येईल असं सांगितलं. किंमत 3 लाख 60 हजार. थोडे पैसे तिथेच कार्डावर घेतले, बाकीचं कर्ज काढून दिलं, त्याचे हप्ते अजून चालू आहेत. चार वर्षांत खोली मिळाली एकदाच, तीही जुलैतल्या धो धो पावसात. तिथे सासू-सासऱ्यांना 'गेस्ट' ठरवून वेगळे पैसे लावले. मे महिन्यासाठी फोन केला की 'फुल आहे' हेच उत्तर. देखभाल फी 12 हजारांवरून 19 हजारांवर गेली. यंदा ती भरली नाही, तर वकिलाची नोटीस आली. मेंबरशिप रद्द करा म्हटलं तर पैसे परत मिळत नाहीत म्हणतात, आणि वाद असेल तर आमच्या शहरात येऊन लवादापुढे जा म्हणतात. हप्ते बंद करावेत का? परवा एकाचा फोन आला, 18 हजार आधी भरा, मेंबरशिप विकून देतो म्हणाला.

उत्तर: ताई, शेवटच्या गोष्टीपासून सुरुवात करते, कारण ती आजची आहे. त्या 18 हजारांतला एक रुपयाही देऊ नका. गिऱ्हाईक तयार आहे, फक्त जीएसटी किंवा एनओसीचे पैसे आधी भरा, असे फोन टाइमशेअरवाल्यांना नेहमी येतात. पैसे गेले की गिऱ्हाईक आणि दलाल दोघेही गायब होतात. तुमच्याकडे आहे तो राहण्याचा हक्क, जागेची मालकी नव्हे. खरोखरच विकायचा झाला तरी तो कंपनीच्या संमतीने आणि तिच्या नोंदीतूनच दुसऱ्याच्या नावावर होईल. फोनवरच्या माणसाला ते जमणारं नाही.

आता हप्ते. ते बंद करू नका. तुमचा राग समजतो, पण कर्ज देणाऱ्याशी तुमचा करार वेगळा आहे. रिसॉर्टने खोली दिली नाही म्हणून तो आपोआप सुटत नाही. हप्ते थकले की सिबिलचा स्कोअर पडतो. खात्यात पैसे नाहीत म्हणून बँकेतून आपोआप जाणारा हप्ता परत गेला, तर 2007 च्या पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायद्याच्या कलम 25 खाली फौजदारी तक्रारही होऊ शकते. चेक न वटल्यासारखंच ते प्रकरण असतं. तुमची बाजू चांगली आहे, तिला हा डाग लागू देऊ नका.

देखभाल फीचं तसं नाही. ती थकली म्हणून कोणी पोलीस घेऊन दारात येणार नाही, तो निव्वळ दिवाणी वाद आहे. पण एक धोका आहे. उद्या तुम्ही ग्राहक आयोगात तक्रार केली की तिथे कंपनी म्हणेल, 'फी थकली होती, म्हणून खोली दिली नाही.' तुम्हाला नकार मिळाले ते फी नियमित भरत असताना, आणि हेच तुमचं बळ आहे. म्हणून आलेल्या नोटिशीला मुदतीत लेखी उत्तर द्या. रक्कम मान्य नाही, सेवा मिळालेली नाही, हे त्यात स्पष्ट लिहा. जमत असेल तर यंदाची फी 'हक्क राखून' असं लिहून भरून टाका. ओढाताण होत असेल तर तक्रारीसोबतच अंतरिम अर्ज करा, की निकाल लागेपर्यंत कंपनीने वसुली करू नये आणि मेंबरशिपही रद्द करू नये. असा आदेश देण्याचा अधिकार आयोगाला आहे.

आता मूळ प्रकरण. आधी करार काढा आणि एकच गोष्ट शोधा: तुमच्या मेंबरशिपचा 'सीझन' कोणता लिहिला आहे? टाइमशेअरवाले वर्षाचे भाग पाडतात आणि त्यांना रंगांची नावं देतात. मे आणि दिवाळी सगळ्यात महाग रंगात, पावसाळा सगळ्यात स्वस्त रंगात. विकणारा 'वर्षभर कधीही' म्हणतो आणि सही घेतो स्वस्त रंगावर. तुमच्या करारात मे येणारा सीझन असेल, तर हे सरळ सेवेतील त्रुटीचं प्रकरण आहे. तो नसेल, तर ते खोटं सांगून विकल्याचं होतं, आणि त्याला वेगळा पुरावा लागेल. त्या दिवशी टेबलावर विक्रेत्याने पेनाने आकडेमोड करून दाखवलेला कागद, त्याचे व्हॉट्सॲप मेसेज, कूपनबरोबर मिळालेलं माहितीपत्रक, सगळं घरात शोधा. मला अशा प्रकरणांत तो हाताने लिहिलेला कागद फार मोलाचा वाटतो. त्यावर 'मे' असा एक शब्द जरी असला तरी 'तोंडी आश्वासनं ग्राह्य नाहीत' या छापील वाक्याची धार जाते. फसवणुकीने घेतलेली संमती 1872 च्या करार कायद्याप्रमाणे मुळातच कच्ची असते, आणि फसवणूक दाखवायला करारात नसलेलं बोलणंही पुराव्यात आणता येतं.

'उपलब्धतेनुसार' हा शब्द तुमच्या करारात नक्की असेल, आणि कंपनी त्याच्याच आड लपेल. एखाद्या वर्षी खोली नाही मिळाली तर तो शब्द चालेल. चारही वर्षं मे मिळाला नाही, तर प्रश्न उपलब्धतेचा राहत नाही. किती खोल्या आहेत आणि त्यांच्या जिवावर किती मेंबरशिपा विकल्या, असा तो होतो. हे कंपनीलाच माहीत असतं, म्हणून तिलाच विचारायचं. तक्रारीआधी तुम्ही कंपनीला जी नोटीस पाठवाल, तिच्यात तीन प्रश्न घाला: रिसॉर्टमध्ये एकूण खोल्या किती, तुमच्या सीझनचे मेंबर किती, आणि गेल्या मे महिन्यात मेंबर नसलेल्यांना किती खोल्या विकल्या. उत्तर आलं नाही, तर कागद हजर करण्याचा आदेश आयोगाकडून मागता येतो. दिवाणी न्यायालयाचा तो अधिकार आयोगालाही आहे.

दरम्यान तुमच्या हातात असलेलं एक काम करा. आजवर सगळे नकार फोनवर मिळाले, त्यांचा माग राहिलेला नाही. यापुढे फोन नको, ईमेल करा. करारात जितके दिवस आधी बुकिंग मागायचं लिहिलंय, अगदी त्याच दिवशी मे महिन्याच्या तीन वेगवेगळ्या तारखा मागा. मेंबरच्या पोर्टलवर 'उपलब्ध नाही' दिसलं की त्याचा स्क्रीनशॉट घ्या. लगेच, पाच-दहा मिनिटांत, हॉटेल बुकिंगच्या कुठल्याही ॲपवर तेच रिसॉर्ट आणि त्याच तारखा टाका. तिथे पैसे मोजणाऱ्याला खोली मिळत असेल तर तोही स्क्रीनशॉट ठेवा. तारीख आणि वेळ दोन्हींवर दिसली पाहिजे. मेंबरसाठी फुल असलेली खोली त्याच वेळी बाहेरच्याला विकायला आहे, हे दोन चित्रांत दिसतं. यापेक्षा सोपा पुरावा मला माहीत नाही. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 प्रमाणे त्यासोबत, तो कोणत्या फोनवर आणि कसा घेतला याचं प्रमाणपत्र जोडावं लागेल, म्हणून ज्या फोनवर घ्याल तो फोन सांभाळा.

कंपनीच्या शहरात लवादापुढे जायची गरज नाही. ग्राहक संरक्षण कायदा, 2019, कलम 34 प्रमाणे तुम्ही जिथे राहता किंवा नोकरी करता, तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते. करारात लवादाचं कलम असलं तरी ग्राहक आयोगाचं दार बंद होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने एम्मार एमजीएफ या बिल्डर कंपनीच्या प्रकरणात 2018 साली सांगून ठेवलं आहे. दिलेली रक्कम 50 लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग. तुमची तर देखभाल फी धरूनही 5 लाखांच्या आत आहे, त्यामुळे तक्रारीला फीसुद्धा नाही. ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या दाखल करता येते. वकील लावलाच पाहिजे असं नाही. करारावर दोघांच्या सह्या असतील तर तक्रारदारही दोघं व्हा.

'पैसे परत नाहीत' या कलमाबद्दल थोडं जपून. करारातली अट अन्यायकारक म्हणून रद्दबातल ठरवण्याचा अधिकार कायद्याने राज्य आणि राष्ट्रीय आयोगाला दिला आहे, जिल्हा आयोगाला नाही. म्हणून तक्रार 'करार अन्यायकारक आहे' अशी मांडू नका, नाहीतर पहिल्याच तारखेला अधिकारक्षेत्राचा वाद सुरू होईल. 'सेवेत त्रुटी' आणि 'अनुचित व्यापारी प्रथा' अशी मांडा. रक्कम व्याजासह परत आणि नुकसानभरपाई देण्याचा आदेश त्यावरही जिल्हा आयोग करू शकतो. एकतर्फी अटी ग्राहकावर लादणं हीच अनुचित व्यापारी प्रथा आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने 2019 साली एका बिल्डरच्या प्रकरणात म्हटलं आहे. त्याचा आधार घ्या.

मुदत मात्र अंगावर येऊ शकते. कलम 69 प्रमाणे कारण घडल्यापासून दोन वर्षांत तक्रार व्हायला हवी. सही होऊन चार वर्षं झाली, आणि कंपनी हाच मुद्दा पहिला उचलेल. तुमचं म्हणणं असं, की करार 25 वर्षांचा आहे, दरवर्षीचा नकार ही दरवर्षीची नवी त्रुटी आहे, आणि गेल्या मे महिन्यातला नकार दोन वर्षांच्या आतला आहे. मला हे म्हणणं टिकणारं वाटतं. तरीही विलंब माफीचा अर्ज सोबत जोडा, आणि आणखी एका मे महिन्याची वाट पाहू नका. क्रम असा ठेवा: आधी 15 दिवसांची नोटीस पोचपावतीसह स्पीड पोस्टाने आणि ईमेलवर, त्याच दिवशी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 वर नोंद, आणि उत्तर आलं नाही की लगेच तक्रार.

सासू-सासऱ्यांचा अपमान तुमच्या मनाला जास्त लागला आहे, ते पत्रातून जाणवतं. पण हा मुद्दा करारातल्या 'कुटुंब' शब्दाच्या व्याख्येवर आणि खोलीत किती माणसं चालतात यावर अवलंबून आहे. व्याख्येत आई-वडील असतील आणि माणसांची मर्यादा ओलांडली नसेल, तर घेतलेले पैसे परत मागा, पावती जोडा. नसतील, तर विक्रेत्याच्या 'सगळं कुटुंब' या बोलण्याचा लेखी पुरावा लागेल. तो नसेल तर तक्रारीत एक परिच्छेद द्या, पण सगळी तक्रार त्यावर उभी करू नका.

सगळी रक्कम परत मिळेल असं मी सांगणार नाही. एकदा राहिलात, त्याचे पैसे आयोग वजा करू शकतो. कायद्यात तीन महिन्यांत निकाल म्हटलंय, प्रत्यक्षात जास्त लागतो. आयोगाने मध्यस्थीसाठी पाठवलं तर जा.

आणि नोटीस पोचली की कंपनीचा गोड फोन येईल. पैशांऐवजी वरचा सीझन देतो, दोन वर्षं वाढवून देतो, फक्त ऑफिसात येऊन एका कागदावर सही करा. त्या कागदात 'यापूर्वीच्या सर्व तक्रारी मिटल्या' असं एक वाक्य असण्याचा दाट संभव आहे. तिथे बसून सही करू नका. कागद घरी घेऊन या, दोघांनी वाचा, आणि वरच्या सीझनमधल्या मे महिन्याच्या तारखा त्यात छापून येईपर्यंत पेन उघडू नका.