मागची चाकं तापतात, सकाळी पुन्हा मोकळी

प्रश्न : माझ्या जुन्या गाडीला मागे ड्रम ब्रेक आहेत. गर्दीत अर्धा-पाऊण तास चालवली की गाडी ओढल्यासारखी जड होते आणि मागच्या दोन्ही चाकांतून जळका वास येतो. पुढची चाकं नेहमीसारखीच असतात. रात्रभर उभी राहिली की सकाळी सगळं मोकळं. मेकॅनिकने मागचे शू (ड्रमला आतून घासणाऱ्या कमानी) आणि ते शू दाबणारे दोन्ही व्हील सिलिंडर नवे टाकले, हँडब्रेकची केबलही ताणून दिली. फरक शून्य. आता तो मास्टर सिलिंडर, म्हणजे पेडलपाशी ऑइलवर दाब देणारा मुख्य पंप, बदलू म्हणतोय. बदलू का?

उत्तर : एवढ्यात नको. आणि दोष सापडेपर्यंत गाडी चालवूही नका. ड्रम असा तापत राहिला तर व्हील सिलिंडरमधलं ब्रेक ऑइल उकळतं, त्याची वाफ होते आणि नेमक्या गरजेच्या क्षणी पेडल खाली जातं.

तुमच्या पत्रातलं सर्वांत मोलाचं वाक्य म्हणजे ‘सकाळी सगळं मोकळं’. केबल गंजून अडकली असती किंवा शू बॅकप्लेटवर, म्हणजे ड्रममागच्या पत्र्यावर, रुतले असते, तर ते सकाळीही तसेच राहिले असते. रात्रभरात हळूहळू सुटतं ते ऑइलचं दडपण. शिवाय दोन्ही चाकं एकदम धरतात, म्हणजे दोष दोघांच्या सामाईक वाटेवर शोधायला हवा. मागे अखंड अॅक्सल असलेल्या बऱ्याच गाड्यांत बॉडीपासून अॅक्सलपर्यंत एकच रबरी होज पाइप येतो आणि तिथून दोन चाकांना फाटे फुटतात. माझा पहिला संशय त्या होजवर आहे.

हा होज बाहेरून धडधाकट दिसतो, म्हणूनच तो सुटून जातो. जुनं रबर आतून फुगतं, कधी आतला थर सुटून जिभेसारखा लोंबतो. पायाच्या जोराने ऑइल त्यातून पुढे जातं, पण शूच्या स्प्रिंगमध्ये ते परत ढकलण्याइतकी ताकद नसते. प्रत्येक ब्रेकला थोडं ऑइल मागेच अडकतं. गर्दीत ब्रेक वारंवार लागतो, म्हणून तिथे गाडी लवकर जड होते.

खात्री करायची ती ब्रेक धरलेले असतानाच. थंड, मोकळ्या गाडीवर काही कळणार नाही. सपाट जागी पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी अडण लावा, गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक खाली. मागची बाजू जॅकने उचलून स्टँडवर ठेवा, नुसत्या जॅकवर नको. ब्लीडर निपलला (व्हील सिलिंडरमधून ऑइल आणि हवा काढायच्या स्क्रूला) पारदर्शक नळी लावून तिचं टोक बाटलीत सोडा, डोळ्यांवर चष्मा घाला आणि निपल किंचित सैल करा. ऑइल जोरात आलं आणि चाक सुटलं, तर दडपण अडकलेलं होतं हे ठरलं. चाक तसंच घट्ट राहिलं तर माझा तर्क चुकीचा. मग केबल, स्प्रिंग आणि शू-ड्रममधलं अंतर जुळवणारा अॅडजस्टर तपासा.

आता ते दडपण अडकतं कुठे? निपल बंद करा, चाक पुन्हा धरेपर्यंत ब्रेक मारा आणि होजच्या अलीकडचा, म्हणजे मास्टर सिलिंडरच्या बाजूचा लोखंडी पाइपचा जोड सैल करा. चाक सुटलं तर दोष त्याच्याही अलीकडे आहे. सुटलं नाही, पण निपल उघडताच सुटलं, तर होज बदला. बाकीचे होजही त्याच वयाचे असतील तर सगळेच बदला.

दोष होजच्या अलीकडे निघाला तरी लगेच मास्टर सिलिंडर विकत घेऊ नका. आधी पेडलला थोडी मोकळी चाल आहे का ते बघा. पुशरॉड (पेडलचा जोर मास्टर सिलिंडरच्या पिस्टनला देणारी दांडी) किंवा ब्रेक लाइटचा स्विच चुकीचा बसला असेल, तर पिस्टन पूर्ण मागे येत नाही आणि ऑइल टाकीत परतण्याचं बारीक छिद्र झाकलेलं राहतं. तापून फुगलेल्या ऑइलला मग जागाच उरत नाही. अशा गाडीत नवा मास्टर सिलिंडरही तसाच वागेल.

केबल ताणून देण्याची सवय मला अजिबात पटत नाही. शू झिजले की हँडब्रेक वर येतो, पण केबल खेचल्याने आतला लिव्हर आपल्या जागी परतत नाही, शू कायम घासत राहतात आणि बऱ्याच गाड्यांत आपोआप चालणारा अॅडजस्टरही थांबतो. केबल पूर्ण सैल करा, शू जुळवा, मग केबल.

ड्रम उघडाल तेव्हा तो निळा पडलाय का, लायनरवर, म्हणजे शूच्या घासणाऱ्या थरावर, काचेसारखी चकाकी आलीय का, व्हील सिलिंडरचं रबर करपलंय का, हे पाहा. नवे भागही या उष्णतेने वाया गेलेले असू शकतात. आतली धूळ हवेने उडवू नका. जुन्या लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकतं, ओल्या फडक्याने पुसा. ब्रेक ऑइल त्याच्या टाकीच्या झाकणावर लिहिलेल्या ग्रेडचंच घाला आणि ब्रेकच्या पाइपांतली सगळी हवा काढा. टाकीच्या झाकणाचं रबर फुगलेलं दिसलं, तर आधी कुणीतरी इंजिन ऑइलसारखं खनिज तेल ओतल्याची शक्यता मोठी. मग सगळं ऑइल काढून लाइन धुवा आणि एकूण एक रबर बदला, नाहीतर नवा होजही तसाच फुगेल.

शेवटी मोकळ्या रस्त्यावर, आधी हळू, चालवून बघा. थांबताना ब्रेक कमीत कमी वापरा आणि तळवा दोन्ही ड्रमच्या जवळ न्या, टेकवू नका. दोन्हीकडची ऊब सारखी आणि सौम्य लागली पाहिजे. एकच बाजू तापलेली लागली, तर त्या एकट्या चाकाचे शू आणि केबल पुन्हा उघडून बघा.