विद्युतचुंबकत्व स्वतःचं स्वतः शिकायचंय, सुरुवात कुठून करू?

तुम्ही विचारलंय की बी.कॉम. झालंय, जिनिंगमध्ये हिशेब लिहितो, गणित बारावीपर्यंत होतं, इंग्रजी वाचताना अडखळायला होतं. क्लास न लावता विद्युतचुंबकत्व, आणि जमलं तर बाकीचं फिजिक्सही शिकायचंय, तर पुस्तकं आणि व्हिडिओ कोणते घेऊ?

मी चोपड्याकडचा. मोटर वाइंडिंगचं दुकान आहे. बारावी आर्ट्स करून यावलला मामांच्या दुकानात कॉइली गुंडाळायला बसलो, आणि तुम्हाला जे शिकायचंय ते वयाच्या एकतिसाव्या वर्षी शिकायला घेतलं. सहा वर्षं लागली. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिलं एक वर्ष माझं फुकट गेलं, ते आधी सांगतो, कारण तुमच्या प्रश्नात मला तीच घाई दिसते. मोबाइलमध्ये पन्नास-साठ पुस्तकांच्या पीडीएफ भरल्या होत्या. मळ्यात रात्रीच्या लाईनची वाट बघत बसलो की एकेक व्याख्यान लावायचो. सगळं समजतंय असं वाटायचं. मग एका रात्री बारावीच्या पुस्तकातलं साधं गणित कागदावर घेतलं: दोन प्रभार समोरासमोर ठेवलेत, मधल्या एका बिंदूवर विद्युत क्षेत्र किती? बाण कोणत्या दिशेला काढायचा इथेच हात थांबला. वर्षभर मी फक्त ऐकलं होतं. तेव्हापासून नियम केला की एका वेळी एकच पुस्तक, आणि त्यातलं गणित स्वतःच्या हाताने सुटल्याशिवाय पुढचं पान उलटायचं नाही.

तुमच्यासाठी पहिलं पुस्तक बालभारतीचं दहावीचं विज्ञान आणि तंत्रज्ञान, भाग 1. त्यातलं विद्युतधारेच्या परिणामांचं प्रकरण मराठीत आहे, पीडीएफ फुकट मिळते. दहावीचं म्हणून सोडू नका. नालकुंतल, विद्युतचुंबकीय प्रवर्तन, उजव्या हाताचा नियम हे शब्द आणि त्यामागचं चित्र आपल्या भाषेत एकदा पक्कं झालं की पुढे इंग्रजी पान तितकं अंगावर येत नाही. एखादी संज्ञा अडली तर मराठी विश्वकोश ऑनलाइन आहे, त्यातल्या विद्युत आणि चुंबकत्वावरच्या नोंदी जड आहेत पण भरवशाच्या आहेत.

त्यानंतर एनसीईआरटीचं बारावीचं भौतिकी, भाग 1. हे हिंदीतही आहे, आणि आपल्या खान्देशात हिंदी कुणाला परकी नाही. प्रभारापासून विद्युतचुंबकीय लहरींपर्यंत आठ प्रकरणं आहेत. सोबत एच. सी. वर्मांच्या ‘कॉन्सेप्ट्स ऑफ फिजिक्स’चे दोन्ही भाग विकत घ्या, हे उसने घेऊन भागत नाही. वर्मा आयआयटी कानपूरला शिकवायचे. पुस्तक 1992चं, पण आजही त्याच्या तोडीची उदाहरणं मला दुसरीकडे सापडली नाहीत. वीज आणि चुंबकत्व दुसऱ्या भागात, 29व्या प्रकरणापासून 40व्यापर्यंत आहे. त्याआधी पहिल्या भागातलं बल, कार्य आणि ऊर्जा इतकं तरी करा. ज्याला बलाचे बाण मांडता येत नाहीत त्याला क्षेत्राचेही येणार नाहीत. त्यांची हिंदी व्याख्यानं यूट्यूबवर आहेत. ती गणित सोडवून झाल्यावर ऐका, आधी नको.

याच पुस्तकाने मला जे दिलं ते सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही.

मामांच्या दुकानात स्टॅबिलायझरचे ट्रान्सफॉर्मर यायचे. जुनं वाइंडिंग इतकं जळालेलं असायचं की टर्न मोजता यायचे नाहीत. मामा म्हणायचे, “कोरचा चौरस इंच काढ, सातले त्यानं भाग, तितले टर्न एका व्होल्टले.” म्हणजे कोरचा (लोखंडी गाभ्याचा) मधला पाय 2 चौरस इंचाचा असेल तर साडेतीन टर्न एका व्होल्टला, 230 व्होल्टला 805. शेकडो ट्रान्सफॉर्मर मी या हिशेबाने भरले, सगळे चालले. सातच का, हे मामांना ठाऊक नव्हतं. त्यांच्या उस्तादालाही नव्हतं.

मग वर्मांच्या 38व्या प्रकरणात फॅराडेचा नियम आला आणि 39व्यात आरएमएस, म्हणजे एसी व्होल्टेजचा परिणामी आकडा. दुकान बंद करून एका संध्याकाळी वहीवर मांडलं. एक चौरस इंच म्हणजे 6.45 चौरस सेंटिमीटर. लोखंडात चुंबकीय क्षेत्र जास्तीत जास्त 1 टेस्ला धरलं, लाईन 50 हर्ट्झची. एका टर्नमध्ये निर्माण होणारा सर्वोच्च व्होल्टेज म्हणजे 2 गुणिले π (3.14) गुणिले 50 गुणिले 0.000645, उत्तर 0.203. त्याला 2च्या वर्गमुळाने भागलं की आरएमएस 0.143 व्होल्ट. एका टर्नला इतके, तर एका व्होल्टला किती टर्न? 1 भागिले 0.143. उत्तर आलं 6.98.

मी तो आकडा कितीतरी वेळ बघत बसलो. तेरा वर्षं हातात असलेला सात फॅराडेने 1831 साली शोधलेल्या नियमातून बाहेर आला होता. आणि आता त्याची मर्यादाही दिसली: मामांच्या सातमध्ये 1 टेस्ला आणि 50 हर्ट्झ दडलेले होते. स्टॅम्पिंग (कोरच्या पत्र्या) चांगल्या सिलिकॉन स्टीलचं असेल तर लोखंडाला दीड टेस्लापर्यंत झेपतं, टर्न कमी चालतात. 60 हर्ट्झवर तोच आकडा 5.8 होतो, म्हणून अमेरिकेहून आलेल्या मशीनचा ट्रान्सफॉर्मर तेवढ्याच व्होल्टला आपल्या लाईनवर गरम होतो. मामांना फोन करून सांगितलं. ते म्हणाले, उद्या ये अन् मले वहीत दाखव.

तुमच्याकडे वाइंडिंग नसेल, पण जिनिंगमध्ये मोटरी आहेत, स्टार्टर आहेत, वीजबिल तर तुमच्याच टेबलावर येतं. त्यातला पॉवर फॅक्टरचा रकाना कशाचा, हा तुमचा सात होऊ शकतो.

आता गणित. बारावीचं कॅल्क्युलस पुन्हा करा, त्याला पर्याय नाही. तीन-चार महिने रोज तासभर पुरतं. पुढे सदिशांचं कॅल्क्युलस येतं, आणि डायव्हर्जन्स व कर्ल या दोन शब्दांपाशी बहुतेकांचं गाडं अडतं. माझंही अडलं होतं, ते शेतात सुटलं. ठिबकच्या नळीवरचा एक ड्रिपर घ्या आणि त्याच्याभोवती एक छोटी डबी मनात कल्पा. डबीत बाहेरून काही शिरत नाही, आतून पाणी बाहेर पडतंय: तिथे डायव्हर्जन्स आहे. विद्युत क्षेत्रासाठी प्रभार हा असा ड्रिपर. चुंबकीय क्षेत्राला जगात कुठेच ड्रिपर सापडलेला नाही, आणि मॅक्सवेलच्या समीकरणांपैकी (विद्युतचुंबकत्वाच्या चार मूळ नियमांपैकी) एक एवढंच सांगतं.

कर्लसाठी पाटावर जा. तुरकाठीचे दोन तुकडे आडवे-उभे बांधून पाण्यावर सोडा. पाटाच्या मधोमध ते सरळ वाहत जातात. काठाजवळ सोडले तर वाहता वाहता फिरू लागतात, कारण काठाकडचं पाणी हळू आणि आतलं जोरात. पाणी सरळच चाललंय, भोवरा कुठे दिसत नाही, तरीही तिथे कर्ल आहे. कर्ल म्हणजे भोवरा असं मी समजत होतो, ती समजूत त्या काड्यांनी मोडली.

एवढं झालं की डेव्हिड ग्रिफिथ्स यांचं ‘इंट्रोडक्शन टू इलेक्ट्रोडायनॅमिक्स’. हे मुख्य पुस्तक. भारतीय आवृत्ती मिळते. इंग्रजी सोपं आहे, समोर बसून बोलल्यासारखं. पहिलं प्रकरण निव्वळ सदिशांच्या गणिताचं आहे, मला त्याला तीन महिने लागले, तुम्हालाही लागू द्या. पहिली सात प्रकरणं झाली की मॅक्सवेलची चारही समीकरणं हातात येतात. लहरी, प्रारण, सापेक्षता नंतर. इंग्रजीसाठी मी एक केलं: प्रत्येक परिच्छेद वाचून झाला की त्याचं एक मराठी वाक्य वहीत. वाक्य जमलं नाही म्हणजे परिच्छेद समजला नाही, पुन्हा वाचायचा. या पुस्तकाची तयार उत्तरं नेटवर फिरतात. एका गणिताला तीन दिवस दिल्याशिवाय ती उघडू नका. सरावाला आणखी हवं असेल तर एमआयटीच्या ओपनकोर्सवेअरवर गणितांचे संच उत्तरांसकट फुकट आहेत, आणि एनपीटेलवर आपल्या आयआयटीच्या प्राध्यापकांची पूर्ण व्याख्यानमाला.

फाइनमन यांच्या व्याख्यानांचा दुसरा खंड सगळे सुचवतात. 1961 ते 63 मध्ये कॅलटेकला दिलेली व्याख्यानं आहेत, नेटवर फुकट वाचता येतात, आणि त्यातली दृष्टी अफाट आहे. पण ग्रिफिथ्सचं एखादं प्रकरण सोडवून झाल्यावर त्याच विषयावरचं व्याख्यान वाचा, तेव्हाच ते पचतं. पर्सेल यांचं बर्कले मालिकेतलं ‘इलेक्ट्रिसिटी अँड मॅग्नेटिझम’ चुंबकत्वाला थेट सापेक्षतेतून बाहेर काढतं. फार सुंदर आहे, पण दुसऱ्या फेरीसाठी ठेवा.

हातांनी काय करायचं? अरविंद गुप्ता यांच्या संकेतस्थळावर एक सेल, दोन सेफ्टी पिना, एक चुंबक आणि तांब्याची तार यांची मोटर आहे; मराठी पुस्तकंही आहेत. कोलोरॅडो विद्यापीठाची फेट नावाची सिम्युलेशन्स मोबाइलवर चालतात, त्यातली बरीच मराठीत आहेत. तारेशेजारी होकायंत्र ठेवून सेल जोडा, ऑर्स्टेडने 1820 मध्ये पाहिलं ते तुम्हाला दिसेल. घरात जर्मनची (अ‍ॅल्युमिनियमची) परात असेल तर ती तिरकी धरून एक छोटं निओडिमियमचं चुंबक तिच्यावरून घसरू द्या. जर्मनला चुंबक चिकटत नाही, तरी ते तेलातून उतरल्यासारखं हळू उतरतं. तेच चुंबक लाकडी पोळपाटावर सरकन खाली येतं. पोळपाटात विजेचे भोवरे उठत नाहीत, परातीत उठतात, आणि ते चुंबकाला अडवतात.

आणि जवळच्या वाइंडिंगवाल्याकडे एक दुपार बसा. मिक्सरचा आर्मेचर (मोटरचा फिरणारा भाग) ग्राउलर नावाच्या तपासणीच्या विद्युतचुंबकावर ठेवून हळूहळू फिरवताना तो वर हॅक्सॉचं पातं धरतो. सगळ्या खाचांवर पातं गप्प, आणि एका खाचेवर एकदम थरथरायला लागतं. त्या खाचेतली कॉइल शॉर्ट आहे. ग्राउलर म्हणजे ट्रान्सफॉर्मरची प्रायमरी, शॉर्ट झालेली कॉइल सेकंडरी. तिच्यात धारा उठते आणि तिचं चुंबकत्व पात्याला हलवतं. वाइंडिंगवाला तुम्हाला उरलेली एनॅमलची तारही देईल. प्रयोग मात्र सेलवरच करायचे. घरच्या लाईनवर नाही, आणि मळ्यातल्या डीपीजवळ तर अजिबात नाही.

एक गणित मुद्दाम देतो, कारण या विषयाचं खरं आश्चर्य तिथे आहे. अडीच चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेतून 8 अँपिअर जात असतील तर इलेक्ट्रॉन सेकंदाला पाव मिलिमीटरहूनही कमी सरकतात, तासाला जेमतेम 85 सेंटिमीटर. डीपीपासून विहीर 300 मीटर असेल तर पोचायला पंधरवडा लागेल. त्यातही आपली लाईन एसी, म्हणजे ते पुढे जातच नाहीत. मिलिमीटरच्या हजाराव्या भागाइतके मागेपुढे हलतात. तरी बटण दाबताच विहिरीतून पाणी येतं. मग ऊर्जा कोण नेतं? तारेच्या भोवतालचं क्षेत्र नेतं. 1884 मध्ये पॉइंटिंगने हे मांडलं, आणि ग्रिफिथ्सच्या आठव्या प्रकरणात त्याची पूर्ण सिद्धता आहे. ती सुटली त्या रात्री मी मळ्यातच होतो. लाईन आली, मोटर सुरू झाली, आणि खांबावरच्या तारांकडे मी पहिल्यांदा वेगळ्या नजरेने पाहिलं.

गणिताची भीती वाटली तर ऑलिव्हर हेव्हिसाइडबद्दल वाचा. सोळाव्या वर्षी शाळा सुटली, तार कंपनीत काम केलं, मॅक्सवेलचा ग्रंथ एकट्याने वाचला. आज आपण जी चार समीकरणं शिकतो त्यांचं हे आटोपशीर रूप मुख्यतः त्याने दिलंय.

बाकीच्या फिजिक्सचं आत्ता ठरवू नका. बल आणि ऊर्जा झालेलीच असेल, लहरी आणि प्रकाश विद्युतचुंबकत्वाच्या मागोमाग येतात, क्वांटम त्यानंतर.

तीन-चार महिन्यांनी, बारावीचं पुस्तक संपत आलं की, हे करून बघा. मळ्यातल्या डीपीच्या पाटीवर 11000/433 लिहिलेलं असतं (पाटी लांबूनच वाचा). भागाकार केला तर 25.4 येतो. पण तोच ट्रान्सफॉर्मर उघडून टर्न मोजले तर एका बाजूला दुसऱ्या बाजूच्या 44 पट निघतात. आतली जोडणी एका बाजूला डेल्टा आहे (तीन फेजच्या कॉइली त्रिकोणात), दुसऱ्या बाजूला स्टार (तिन्हींचं एकेक टोक एकत्र). 44 कुठून आले ते वहीत मांडा.