बोगस जर्नलमध्ये पेपर छापला. आता पीएचडी जाणार का?

हा प्रश्न घेऊन कोल्हापुरात राजारामपुरीतल्या माझ्या समुपदेशनाच्या केबिनमध्ये येणारे बहुतेक जण तासिका तत्त्वावर शिकवणारे, पस्तिशी-चाळिशीतले असतात. पैसे भरून पेपर छापलेला असतो आणि जर्नल बोगस असल्याचं मागाहून कळतं. त्यातल्या एका बाईंची हकिकत त्यांच्या परवानगीने, ओळख पटेल असे तपशील बदलून सांगते.

त्या गडहिंग्लजकडच्या. गुऱ्हाळघरांच्या अर्थकारणावर पीएचडी चाललेली. रात्री दोनला जाग यायची, मेल आल्याचा आवाज झाला की छातीत धडधड. फॅमिली डॉक्टरांनी ईसीजी काढला, तो नॉर्मल निघाला, म्हणून माझ्याकडे पाठवलं.

पेपर सोमवारी पाठवला, बुधवारी स्वीकारल्याचा मेल आला. परीक्षकाचा अभिप्राय काय, तर 'गुड वर्क'. साडेतीन हजार रुपये फोनवरून भरले आणि सोनेरी काठाचं सर्टिफिकेट आलं. तेच जर्नल वाणिज्य, रसायनशास्त्र, कायदा, योग असं सगळंच छापत होतं. आयएसएसएन होता, पण तो नुसता ओळखक्रमांक, दर्जाचा दाखला नव्हे. पुढे विभागात कुणीतरी सहज म्हणालं, "अहो, ते तर पैसे घेऊन छापणारं आहे." तेव्हापासून झोप गेली.

शिकलेली माणसं अशी कशी फसतात, असं बाहेरच्यांना वाटतं. पण मे २०१८ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाला (यूजीसी) स्वतःच्याच मान्यताप्राप्त यादीतून ४,३०५ जर्नलं काढावी लागली होती. त्याआधी २०१३ मध्ये विज्ञान पत्रकार जॉन बोहॅनन यांनी 'सायन्स' नियतकालिकासाठी ढोबळ चुका पेरलेला बनावट पेपर जगभर पाठवून पाहिला, तर ३०४ पैकी १५७ जर्नलांनी तो स्वीकारला. हे मी येणाऱ्यांना मुद्दाम सांगते. आपण एकटेच मूर्ख नाही एवढं कळलं, तरी पुष्कळांचा जीव भांड्यात पडतो.

या बाईंचा पडला नाही. "तुमची फसवणूक झालीय" असं मी म्हटलं की त्या नजर चुकवायच्या. दुसऱ्या भेटीत बराच वेळ ओढणीचं टोक गुंडाळत बसल्या आणि मग म्हणाल्या, "मॅडम, दोन दिवसांत पेपर कोण तपासतंय? मला तेव्हाच कळलं होतं. पण मुलाखतीला पेपरचे गुण लागतात, आणि सगळेच करायलेत की."

खरी गाठ इथे होती. पूर्ण फसलेला माणूस चिडतो, जाणूनबुजून करणारा निर्धास्त झोपतो. अर्धवट कळत असताना डोळेझाक केलेल्याचीच झोप उडते. अशा वेळी "तुमचा काही दोष नाही" हे वाक्य कुचकामी. त्यांचा वाटा किती, हे आम्ही कागदावर लिहूनच काढलं. आकडेवारी खरी आहे का? हो, गुऱ्हाळं स्वतः फिरून गोळा केलेली. उचलेगिरी? नाही. घाई केली, शंका दाबली? हो. लिहून झाल्यावर त्या म्हणाल्या, "एवढंच?"

एवढंच नव्हतं. दिराच्या तरुण मंडळाने गावच्या चौकात फ्लेक्स लावला होता: 'आंतरराष्ट्रीय जर्नलमध्ये शोधनिबंध प्रसिद्ध झाल्याबद्दल वहिनींचे हार्दिक अभिनंदन'. वर त्यांचा फोटो, खाली बावीस कार्यकर्त्यांचे. विद्यापीठापेक्षा त्यांना त्या चौकाची धास्ती जास्त होती! मी म्हटलं, फ्लेक्स पुढच्या वाढदिवसाला आपोआप उतरेल, सध्या गाईडना सांगायचं बघू. काय बोलायचं ते आम्ही चार वाक्यांत बसवलं आणि माझ्यासमोर दोनदा म्हणून घेतलं. रडत कबुली नको, सरळ माहिती द्यायची.

पदवीच्या भीतीवर उपाय समुपदेशकाकडे नसतो, तो नियमात असतो. प्रबंध सादर करण्याआधी पेपर छापलाच पाहिजे, ही अट यूजीसीच्या नोव्हेंबर २०२२ च्या नियमावलीत राहिलेली नाही. पण विद्यापीठं आपापले निकष ठेवू शकतात आणि जुन्या नोंदणीचा मामला वेगळा असू शकतो. म्हणून पीएचडी विभागात नोंदणीची तारीख दाखवून विचारायला मी त्यांना पाठवलं. सहा महिने ज्या प्रश्नाने झोप नव्हती, तो त्यांनी तिथे कधी विचारलाच नव्हता.

गाईड चिडले, पण मार्गही त्यांनीच दाखवला: पेपर मागे घेण्याचा मेल पाठवा, मला सीसी करा, बायोडेटातून नोंद काढा. तोच मजकूर दुसरीकडे पाठवायचा झाला, तर आधीचं सगळं त्या संपादकांना अगोदर कळवायचं, नाहीतर दुबार प्रकाशनाचा ठपका यायचा.

जर्नलवाल्यांचं उत्तर आलं: पेपर काढायचा तर पाच हजार भरा. छापायला साडेतीन, काढायला पाच! भरू का, असं विचारायला त्यांचा फोन आला. मी नको म्हटलं. तो मेल जपून ठेवा आणि गाईडना पाठवा. त्यांनी पाठवला. पेपर अजून त्या साइटवर आहेच. परवा तिथून 'उत्कृष्ट संशोधक पुरस्कारा'चं आमंत्रण आलं, नोंदणी शुल्कात सवलत देऊन. या वेळी धडधड झाली नाही, उलट स्क्रीनशॉट मला पाठवून त्यांनी खाली लिहिलं होतं, "दिराला दाखवू नका."