फिल्टर बदलूनही लॅकरचा वास का जात नाही

तुम्ही विचारलंय की लाकडी फर्निचरला लॅकर फवारायच्या बंदिस्त खोलीचे, म्हणजे स्प्रे बूथचे, फिल्टर दर आठवड्याला बदलतो, एक्झॉस्टचा पंखाही मोठा घेतला, तरी शेजाऱ्यांची वासाची तक्रार थांबत नाही. थांबणार नाहीच. फिल्टर थेंब अडवतो, वाफ नाही. पाण्याचा पडदा असलेल्या बूथचीही तीच गत. लॅकर आणि थिनरमधल्या टोल्यूइन, झायलीन, ब्यूटिल अ‍ॅसिटेट अशा उडून जाणाऱ्या द्रवांची (सॉल्व्हंटची) वाफ त्यातून आरपार जाते. मोठ्या पंख्याने ती आत कमी साचते, पण बाहेर पूर्वीइतकीच पडते.

एकदा करून बघा. काचेचा तुकडा वजन करून घ्या, त्यावर गनमध्ये भरता तसं थिनर घातलेलं १० ग्रॅम लॅकर पातळ पसरा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तोला. साधं नायट्रोसेल्युलोज लॅकर असेल तर दोन-अडीच ग्रॅम उरेल. मी पहिल्यांदा केलं तेव्हा मला काटाच बिघडलाय असं वाटलं होतं. म्हणजे महिन्याला १०० किलो मिश्रण फवारलं, तर ७५ किलोच्या आसपास हवेत गेलं. त्यातलं सगळं बूथमध्येच उडत नाही, काही सुकवायच्या रॅकवरही उडतं. तिथे एक्झॉस्ट आहे का तुमच्याकडे?

अमेरिकेतल्या लाकडी फर्निचरच्या १९९५च्या नियमातही मोजमाप असंच आहे: एक किलो सॉलिडमागे (सुकल्यावर उरणाऱ्या मालामागे) घातक सॉल्व्हंट किती. जुन्या कारखान्याला १ किलो, नव्याला ०.८.

तेव्हा आधी गन बदला. जुन्या पद्धतीच्या गनने निम्म्याहून जास्त माल लाकडावर बसतच नाही. एचव्हीएलपी (जास्त हवा, कमी दाब) गनमध्ये तोंडाच्या कॅपवरचा हवेचा दाब १० पीएसआयच्या आत राहतो आणि ६५ टक्क्यांच्या आसपास माल बसतो, म्हणजे तेवढ्याच कामाला लॅकर कमी फवारावं लागतं. कारागीर कुरकुरतात, काम मंदावलं म्हणतात, मग हात बसतो. दुसरं, गन धुताना थिनर एक्झॉस्टकडे तोंड करून फवारायची सवय बंद करा. तो थिनर कशालाच न लागता थेट बाहेर जातो. झाकणाच्या डब्यात धुवा.

पाण्यावरच्या लॅकरमध्ये सॉल्व्हंट कमी असतं, शून्य नसतं. पहिल्या हातानंतर लाकडाचे तंतू उभे राहतात, घासावं लागतं, आणि दमट हवेत सुकायला वेळ लागतो. सपाट पॅनल असतील तर रोलरने लावायचं यूव्ही लॅकर (अतिनील प्रकाशाने सुकणारं) सगळ्यात उत्तम. कार्बन फिल्टर वाफ धरतो खरा, पण तुमच्या खपाला लवकर भरेल. तो शेवटचा उपाय.

वास कमी म्हणजे धोका कमी, असं मात्र धरू नका. पीयू (पॉलियुरेथेन) लॅकर कडक व्हायला त्यात मिसळतात त्या हार्डनरमधल्या आयसोसायनेट या रसायनाचा वास येण्याआधीच त्रास सुरू होऊ शकतो, दमा जडतो. आम्लाने सेट होणाऱ्या लॅकरमधून फॉर्मल्डिहाइड सुटतं, आणि ते कर्करोगकारक असल्याचं आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्येच ठरवलंय.

आणि काढलेले फिल्टर कोपऱ्यात रचून ठेवू नका. नायट्रोसेल्युलोजचा चुरा आपोआप तापून पेटतो. झाकणाच्या लोखंडी डब्यात पाण्यात बुडवून ठेवा.

हार्डनर वापरता का, ते लिहा. मास्क कोणता घ्यायचा ते त्यावर ठरेल.