जाहिरातीआधी पुस्तकाचं पान नीट करा

कादंबरी किंडलवर आली, ओळखीच्यांनी घेतली आणि मग विक्री थांबली, आता जाहिरातीवर पैसे घालू का, असं तुम्ही विचारलंय. माझं स्पष्ट मत: आत्ता घालू नका. जाहिरात लोकांना फक्त पुस्तकाच्या अ‍ॅमेझॉनवरच्या विक्रीच्या पानापर्यंत आणते. तिथून ते परत फिरत असतील तर जास्त पैसे ओतून जास्त लोक परत फिरतील, एवढंच.

आधी मुखपृष्ठ मोबाइलवर नखाएवढं करून बघा. नाव वाचता येतं का? रहस्यकथा आहे की प्रेमकथा, हे कळतं का? नसेल तर चित्रकाराकडे परत जा.

मग वर्णन. बहुतेकांचं घोडं इथेच अडतं. ‘नातेसंबंधांचा गुंता उलगडणारी भावस्पर्शी कादंबरी’ हे वाक्य कुठल्याही पुस्तकावर चिकटवता येईल. त्याऐवजी असं काही लिहा: ‘तेरा वर्षांपूर्वी बेपत्ता झालेल्या भावाची सही आज घराच्या विक्रीखतावर दिसते.’ दुसऱ्या वाक्यात माणूस आहे, पेच आहे, आणि पुढे काय झालं हे विचारावंसं वाटतं. पहिल्या दोन ओळींवर सगळ्यात जास्त वेळ घालवा, कारण मोबाइलवर बाकीचा मजकूर ‘आणखी वाचा’च्या मागे लपतो.

किंडलवर सुरुवातीचा साधारण १० टक्के भाग फुकट वाचता येतो. त्यात अर्पणपत्रिका, ऋणनिर्देश आणि लांबलचक मनोगतच भरलं असेल तर वाचकाला तुमची कथा भेटतच नाही. ऋणनिर्देश शेवटी न्या.

परीक्षणांबद्दल एक कळकळीची विनंती. घरच्यांना, जवळच्या मित्रांना तारे द्यायला सांगू नका. अ‍ॅमेझॉनच्या नियमांत ते बसत नाही आणि अशी परीक्षणं काढून टाकली जातात. ‘तू माझं लिही, मी तुझं लिहितो’ हेही तसंच. प्रकाशनाआधी अनोळखी पण त्या प्रकारची पुस्तकं वाचणाऱ्या लोकांना प्रत द्या आणि प्रामाणिक मत मागा. चांगलंच लिहा, अशी अट घालू नका.

केडीपी सिलेक्ट, म्हणजे ई-पुस्तक फक्त अ‍ॅमेझॉनवर ठेवायची योजना, घ्यावं का? त्यात ९० दिवस ई-पुस्तक दुसरीकडे कुठेही विकता येत नाही, छापील मात्र चालतं. बदल्यात किंडल अनलिमिटेडवर, म्हणजे वर्गणी भरून हवी तेवढी पुस्तकं वाचायच्या सेवेवर, वाचलेल्या पानांचे पैसे मिळतात आणि त्या ९० दिवसांत ५ दिवस पुस्तक फुकट देता येतं. पुस्तक एकच असेल तर हे फुकटचे दिवस फारसे कामाला येत नाहीत. मालिका असेल तर त्या दिवसांत पहिला भाग फुकट द्या, पुढचे भाग त्यातून विकले जातात.

जो वाचक शेवटच्या पानापर्यंत आला, तो तुमचा सगळ्यात मोलाचा माणूस. कथा संपते तिथेच, त्याच पानावर, पुढच्या पुस्तकाची खबर हवी असेल तर ईमेल कळवा, अशी दोन ओळींची विनंती आणि दुवा ठेवा. समाजमाध्यमावरचे हजार अनुयायी उद्या तुमची पोस्ट बघतील याची खात्री नाही. ईमेल मात्र थेट त्यांच्याकडे जातं.

हे झाल्यावर जाहिरात, आणि तीही हिशोब मांडून. समजा वीस क्लिकमागे एक प्रत खपते. मग एका क्लिकचा खर्च तुमच्या एका प्रतीच्या मानधनाच्या विसाव्या हिश्शाहून कमी हवा, नाहीतर प्रत्येक विक्रीत तोटा. एकट्या पुस्तकाला हे गणित क्वचितच जमतं.

वर्णनाचा सध्याचा मजकूर इथे टाका. वाचून कुठे कात्री लावायची ते सांगतो.