भूल द्यायची आहे, पण डॉक्टर होऊन की परिचारिका राहून?

प्रश्न : मी सव्वीस वर्षांची आहे. बी.एस्सी. नर्सिंग पूर्ण केल्यापासून गेली चार वर्षे मुंबईतील एका खासगी रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात काम करीत आहे. गेल्या पावसाळ्यात रात्रपाळीत असताना व्हेंटिलेटरवरील एका आजोबांची श्वासनलिकेतील ट्यूब सरकली. सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातील ऑक्सिजनचे प्रमाण, उतरू लागल्याचे मी निवासी डॉक्टरांना दोनदा सांगितले, पण त्यांनी ते मोजणारा बोटावरचा प्रोब नीट बसवायला सांगून विषय संपवला. शेवटी मीच थिएटरमधील भूलतज्ज्ञ मॅडमना फोन केला. त्या धावत आल्या, त्यांनी ट्यूब बदलली आणि चार-पाच मिनिटांत सगळे पूर्ववत झाले. त्या रात्रीपासून आपल्यालाही हेच काम यायला हवे, असे मनाने घेतले आहे. अमेरिकेत परिचारिकाही भूल देतात, असे एक वर्गमैत्रीण सांगते. येथील एका परदेशी नोकरीच्या सल्लागारांनी माझा चार वर्षांचा अनुभव तेथे धरला जाईल आणि तीन वर्षांत मी भूल देणारी परिचारिका होईन, असे सांगून चार लाख रुपये मागितले आहेत. दुसरीकडे, नीट देऊन एमबीबीएस करावे असेही वाटते. वडील बेस्टमध्ये वाहक आहेत, दोन वर्षांत निवृत्त होतील आणि घर बरेचसे माझ्या पगारावर चालते. आई म्हणते, आता पुन्हा शाळेत कशाला जातेस? मी काय करावे?
— एक परिचारिका, विक्रोळी

उत्तर : सर्वांत आधी, ते चार लाख रुपये देऊ नका. तुम्हाला जे सांगण्यात आले, ते खरे नाही आणि ते का खरे नाही हे कळल्यावर तुमचा अर्धा प्रश्न सुटेल.

अमेरिकेत परिचारिका भूल देतात, हे मात्र पूर्णपणे खरे आहे आणि ती प्रथा आजची नाही. पेनसिल्व्हेनियातील ईरी येथे सिस्टर मेरी बर्नार्ड यांनी १८७७ मध्ये हे काम सुरू केले. पुढे मिनेसोटातील प्रसिद्ध सर्जन मेयो बंधूंच्या शस्त्रक्रियागृहात ॲलिस मॅगॉ या परिचारिकेने भुलेमुळे एकही मृत्यू न होता चौदा हजारांहून अधिक रुग्णांना भूल दिल्याची नोंद १९०६ मध्ये प्रसिद्ध केली. त्या काळी भूल देण्याचे काम अननुभवी, शिकाऊ डॉक्टरकडे सोपवले जाई आणि त्याचे लक्ष रुग्णापेक्षा शस्त्रक्रियेकडेच अधिक लागलेले असे, म्हणून सर्जन मंडळींना असे कोणीतरी हवे होते, ज्याची नजर रुग्णाच्या चेहऱ्यावरून आणि श्वासावरून क्षणभरही हलणार नाही. आज तेथील प्रमाणित भूल-परिचारिका ट्यूब टाकतात, कमरेत भूल देतात आणि काही राज्यांत डॉक्टरांच्या देखरेखीशिवायही काम करतात. त्यांचे वार्षिक उत्पन्न साधारणपणे दोन लाख डॉलरच्या वर असते. सल्लागार मंडळी हा आकडा सर्वांत आधी दाखवतात, हे ओघाने आलेच.

आता तेथे पोहोचण्याच्या वाटेकडे पाहा. बी.एस्सी. नर्सिंग आणि अमेरिकेतील नोंदणी, म्हणजे एनक्लेक्स परीक्षा, या दोन गोष्टी तुमच्या आवाक्यातील आहेत. त्यानंतर अतिदक्षता विभागातील किमान एक वर्षाचा पूर्णवेळ अनुभव लागतो, आणि सल्लागारांनी तुमच्यापासून लपवलेली किंवा त्यांना स्वतःलाच ठाऊक नसलेली अट येथे आहे : हा अनुभव अमेरिकेत, तिच्या अखत्यारीतील प्रदेशांत किंवा अमेरिकी लष्कराच्या रुग्णालयात घेतलेला असावा लागतो. मुंबईतील तुमची चार वर्षे तुम्हाला उत्तम परिचारिका बनवतात, परंतु या अभ्यासक्रमाच्या अर्जात ती धरली जात नाहीत. म्हणजे आधी तेथे जाऊन परिचारिका म्हणून नोकरी करणे आले, आणि भारतात जन्मलेल्या परिचारिका ज्या श्रेणीतून ग्रीन कार्डासाठी अर्ज करतात, त्या श्रेणीतील भारतीयांची रांग दहा वर्षांहून अधिक मागे आहे. त्यानंतरचा अभ्यासक्रम किमान छत्तीस महिन्यांचा असतो, १ जानेवारी २०२२ पासून नव्याने प्रवेश घेणाऱ्यांसाठी तो डॉक्टरेट दर्जाचाच असावा लागतो, त्या काळात नोकरी करणे जवळजवळ अशक्य असते आणि एकूण खर्च सहज एक लाख डॉलरच्या पुढे जातो. जोडीदार तेथे स्थायिक असणे किंवा अन्य मार्गाने कामाचा परवाना मिळणे अशी काही सोय असेल, तर हा हिशेब बदलतो. तुमच्या पत्रात तशी कोणतीही गोष्ट मला दिसली नाही.

भारतात मात्र ही वाट मुळातच नाही. आपल्याकडे भूल देण्याचा अधिकार डॉक्टरांकडेच आहे. एमबीबीएसनंतर तीन वर्षांचे एम.डी. किंवा डीएनबी, अथवा दोन वर्षांची पदविका करून भूलतज्ज्ञ होता येते. तेव्हा तुमच्यापुढील खरी निवड दोन पदव्यांमधील नाही. भूल देणे हेच तुमचे काम व्हावे असे वाटत असेल, तर मुंबईत राहून त्याला एमबीबीएसवाचून इलाज नाही. गंभीर रुग्णाच्या उशाशी उभे राहून त्याला वाचवणे हे तुम्हाला खेचत असेल, तर त्यासाठी वेगळी आणि जवळची वाट आहे.

या दोहोंतील फरक मी तुम्हाला आतून सांगू शकते, कारण महापालिकेच्या रुग्णालयात भूलतज्ज्ञ म्हणून माझी एकतीस वर्षे गेली. शस्त्रक्रियांची यादी सुरू होण्याच्या तासभर आधी बॉइल मशीन, म्हणजे भुलेचे वायू देणारे यंत्र, तपासायचे, घशात पाहण्याच्या लॅरिंगोस्कोपचा दिवा लावून पाहायचा, सक्शनची नळी कानाजवळ धरून तिचा आवाज ऐकायचा, दुधाळ प्रोपोफॉलची आणि पाण्यासारख्या दिसणाऱ्या इतर औषधांची सिरिंज भरून लगेच चिकटपट्टीवर नाव लिहायचे. मग रुग्णाला निजवायचे आणि पुढचे तीन-चार तास पल्स ऑक्सिमीटरचा टिकटिक आवाज ऐकत राहायचे. सॅच्युरेशन उतरले की त्या टिकटिकीचा सूरही खाली येतो आणि पडद्यावरचा आकडा पाहण्याआधीच हात मास्ककडे गेलेला असतो. त्या रात्री तुम्ही धावत येणाऱ्या मॅडमना पाहिलेत. असे प्रसंग महिन्यातून काही वेळा येतात, बाकीचा बहुतांश काळ हा झोपलेल्या माणसाशेजारी जागे राहण्याचा असतो. आमचा रुग्ण आम्हाला जेमतेम दहा मिनिटे जागेपणी भेटतो आणि बरा होऊन घरी जाताना त्याला आमचे नावही आठवत नाही. तुमचे काम याच्या नेमके उलट आहे. पहाटे चार वाजता आजोबांची कूस बदलताना त्यांच्याशी बोलणारी आणि बाहेर बाकावर बसलेल्या मुलाला धीर देणारी तुम्ही असता. हे हातचे गेल्यावर तुम्हाला चुकल्यासारखे वाटेल का, याचे उत्तर माझ्यापाशी नाही, पण ते शोधण्याचा एक मार्ग आहे. मेट्रनशी बोलून दोन-तीन महिन्यांसाठी थिएटर किंवा शस्त्रक्रियेनंतरच्या रिकव्हरी कक्षात बदली मागून घ्या आणि नव्वद दिवस भूलतज्ज्ञाच्या स्टुलाशेजारी उभ्या राहा.

निवासी डॉक्टरांनी तुमचे ऐकले नाही, ही सल पत्राच्या ओळीओळीत आहे आणि ती रास्त आहे. परंतु केवळ त्या रात्रीसाठी आयुष्याची अकरा वर्षे देऊ नका. त्या रात्री रुग्ण वाचला तो तुम्ही वेळेवर केलेल्या फोनमुळे, आणि तो फोन करण्यासाठी तुम्हाला एमबीबीएसची गरज पडली नाही. असे पुन्हा घडले तर किती वाजता, कोणाला, काय सांगितले हे नर्सिंग नोंदीत त्याच वेळी लिहा, आणि सॅच्युरेशन अमुक पातळीखाली गेल्यास परिचारिकेने थेट भूलतज्ज्ञाला बोलवावे, असा लेखी नियम विभागात व्हावा म्हणून सिस्टर इन्चार्जमार्फत मागणी करा.

आता नीटविषयी. या परीक्षेला कमाल वयाची अट नाही, त्यामुळे सव्वीसाव्या वर्षीही दार उघडे आहे. मात्र त्या दारापाशी दरवर्षी वीस लाखांहून अधिक विद्यार्थी उभे असतात आणि देशभरातील एमबीबीएसच्या सर्व जागा मिळून सव्वा लाखाच्या आसपासच आहेत, त्यांतील निम्म्याच्या जवळपास खासगी महाविद्यालयांत. परीक्षा ७२० गुणांची असते. त्यांतील ३६० गुण जीवशास्त्राचे आणि प्रत्येकी १८० गुण भौतिकशास्त्र व रसायनशास्त्राचे. नर्सिंग शिकलेल्या मुलींना वाटते की जीवशास्त्र तर आपलेच आहे, पण त्यात वनस्पतिशास्त्रही मोठ्या प्रमाणावर असते आणि आठ वर्षांपूर्वी बारावीत मागे ठेवलेले भौतिकशास्त्रच बहुधा घात करते. पुढचा हिशेबही मांडते. पुढील वर्षी प्रवेश मिळाला असे धरले, तर साडेपाच वर्षांचे एमबीबीएस संपताना तुम्ही तेहतीस वर्षांच्या असाल. शासकीय किंवा महापालिकेच्या महाविद्यालयात शिकल्यास एक वर्षाची बंधपत्रित सेवा, मग नीट पीजी आणि तीन वर्षांचे एम.डी. मिळून सदतीस-अडतिसावे वर्ष उजाडेल. इंटर्नशिप आणि एम.डी. करताना मिळणाऱ्या विद्यावेतनावर स्वतःचे भागते, पण एमबीबीएसच्या पहिल्या साडेचार वर्षांत तुमच्याकडून घरात एक रुपयाही येणार नाही, आणि ती वर्षे नेमकी वडिलांच्या निवृत्तीनंतरची असतील.

माझा सल्ला स्पष्ट आहे. थिएटरमधील ते नव्वद दिवस संपल्यावरही ओढ तशीच राहिली, तर नीटचा एकच आणि संपूर्ण प्रामाणिक प्रयत्न करा. त्यासाठी नोकरी सोडू नका. शक्य असल्यास ठरलेल्या पाळीच्या विभागात बदली घ्या आणि भौतिकशास्त्रासाठी शिकवणी लावा. महाराष्ट्रातील तुमच्या प्रवर्गासाठी शासकीय व महापालिका महाविद्यालयांत गेल्या वर्षी शेवटचा प्रवेश किती गुणांवर झाला, तो आकडा प्रवेश फेऱ्यांच्या याद्यांमधून काढून अभ्यासाच्या टेबलासमोर लावा. जानेवारीपर्यंत सराव परीक्षांचे गुण त्या आकड्याच्या आसपास येत नसतील, तर तेथेच थांबा. खासगी महाविद्यालयात वर्षाला कित्येक लाख भरून, घरावर कर्ज काढून एमबीबीएस करण्याचा विचार तुमच्या परिस्थितीत मला मुळीच मान्य नाही. आईला मात्र एक सांगा : सव्वीसाव्या वर्षी पुन्हा शिकायला बसण्यात कमीपणा काहीच नाही. माझ्या हाताखाली एम.डी. केलेल्यांत चाळिशीच्या उंबरठ्यावरचेही होते आणि रात्रीच्या आणीबाणीत मी त्यांच्यावर सर्वांत आधी विसंबत असे.

नीट जमली नाही, तर दुसरी वाट. भारतीय परिचर्या परिषदेने अतिदक्षता विभागासाठी नर्स प्रॅक्टिशनर हा दोन वर्षांचा पदव्युत्तर निवासी अभ्यासक्रम आखला आहे. बी.एस्सी. नर्सिंग आणि रुग्णसेवेचा, शक्यतो अतिदक्षता विभागातील, अनुभव ही त्याची पात्रता, आणि येथे तुमची चार वर्षे पुरेपूर धरली जातात. श्वसनमार्गाची काळजी, व्हेंटिलेटरचे नियोजन आणि अत्यवस्थ रुग्णाचे पहिले काही क्षण हेच त्याचे मुख्य विषय आहेत. या परिचारिकांना द्यावयाचे अधिकार आपल्याकडे अजून रुग्णालयागणिक वेगवेगळे आहेत, हे मनाला लागते, पण ती जागा तुमच्यासारख्या परिचारिकांनीच रुंद करायची आहे. प्रवेशापूर्वी संस्था परिषदेच्या मान्य यादीत आहे का ते पाहा, आणि कोणताही निर्णय घेतलात तरी महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडील नोंदणीचे नूतनीकरण चुकवू नका.

प्रश्न : माझी मुलगी बारावी विज्ञान शाखेत आहे. नीटमध्ये गुण कमी पडले तर बी.एस्सी. ॲनेस्थेशिया करावे, म्हणजे ती एमबीबीएस न करताच भूलतज्ज्ञ होईल, असे प्रवेशाचे काम करणाऱ्या एका गृहस्थांनी सांगितले. हे खरे आहे का?
— एक पालक, लालबाग

उत्तर : नाही. हा अभ्यासक्रम भूल व शस्त्रक्रिया तंत्रज्ञानाचा आहे. तो करणारे तंत्रज्ञ मशीन, वायूंच्या नळ्या, मॉनिटर आणि औषधांची मांडणी सांभाळतात आणि भूल देताना डॉक्टरांना साहाय्य करतात. चांगला तंत्रज्ञ नसेल तर थिएटर चालत नाही आणि २०२१ च्या सहयोगी आरोग्य व्यावसायिकांच्या कायद्याने या कामाला अधिकृत ओळखही मिळाली आहे. परंतु स्वतंत्रपणे भूल देण्याचा अधिकार या पदवीने मिळत नाही आणि ती घेऊन पुढे एम.डी.लाही बसता येत नाही. मुलीला यंत्रांची आवड असेल तर ही पदवी जरूर घ्यावी. रुग्णांमध्ये राहायचे असेल तर बी.एस्सी. नर्सिंगची राज्य सामायिक प्रवेश परीक्षा द्यावी, आणि भूलतज्ज्ञच व्हायचे असेल तर आणखी एक वर्ष नीटला द्यावे. अठराव्या वर्षी ते वर्ष परवडते. अर्ज भरण्याआधी तिला या तिघांचे काम पाहू द्या. ओळखीच्या रुग्णालयात परवानगी घेऊन एक सकाळ बाहेरच्या बाकावर बसली, तरी कोण कोणत्या दाराने आत जाते आणि आत जाऊन काय करते, हे ती स्वतः विचारून घेईल.